‘स्पाइस अँड वुल्फ’: एकच कादंबरी, दोन अ‍ॅनिमे आणि चाहत्याचं अर्धंमुर्धं समाधान

‘स्पाइस अँड वुल्फ’ या जपानी कादंबरीमालेवर दोनदा अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन मालिका, झालं. पहिलं २००८ आणि २००९ मध्ये, दोन पर्वांत. दुसरं २०२४ मध्ये, पुन्हा पहिल्या पानापासून. दोन्ही वेळा सूत्रं ताकेओ ताकाहाशी यांच्याकडेच होती, दुसऱ्या वेळी मुख्य दिग्दर्शक म्हणून. नायक-नायिकेचे आवाजही तेच, जुन फुकुयामा आणि आमी कोशिमिझु. मूळ पुस्तक तेच, माणसंही बरीचशी तीच आणि मध्ये पंधरा-सोळा वर्षं, असा योग क्वचित येतो. त्यामुळे पुस्तकाचं अ‍ॅनिमे होताना नेमकं काय बदलतं आणि पुस्तक वाचलेल्या माणसाला ते का बोचतं, हे तपासायला ही माला फार सोयीची आहे.

‘पुस्तकाशी इमान राखलं नाही’ आणि ‘फार घाईत उरकलं’ या चाहत्यांच्या दोन ठरलेल्या तक्रारी. दुसरी इथे सरळसरळ चुकीची आहे. पहिली अर्धी बरोबर आहे, पण लोक ती भलत्याच ठिकाणी करतात.

आधी गोष्ट थोडक्यात. इसुना हासेकुरा यांची ही माला फेब्रुवारी २००६ पासून ‘देंगेकी बुन्को’ या खिशात मावणाऱ्या पुस्तकांच्या छापाखाली निघू लागली. त्याआधी पहिल्या खंडाच्या हस्तलिखिताला देंगेकी कादंबरी स्पर्धेत रौप्य पारितोषिक मिळालं होतं. चित्रं ज्यू आयाकुरा यांची. मध्ययुगीन युरोपासारख्या एका काल्पनिक मुलखात क्राफ्ट लॉरेन्स हा पंचविशीतला फिरस्ता व्यापारी घोडागाडीतून माल विकत हिंडतो. पास्लो गावाहून निघाल्यावर गाडीतल्या कातड्यांच्या ढिगात त्याला होलो सापडते. दिसायला मुलगी, पण डोक्यावर लांडग्याचे कान आणि मागे शेपूट. शतकानुशतकं त्या गावाच्या गव्हाची राखण करणारी ही देवता आता तिथे नकोशी झाली आहे आणि तिला उत्तरेकडे आपल्या योइत्सु या मायभूमीत परतायचं आहे. पुढे तलवारबाजी नाही, जादूची युद्धं नाहीत. संकट येतं ते नाण्यातली चांदी कमी झाल्याने, चिलखतांचा भाव कोसळल्याने किंवा कुणीतरी वायद्यात अडकल्याने. मूळ प्रवासाची कथा १७ खंडांत, २०११ मध्ये पुरी झाली. पुढे २०१६ पासून नव्या खंडांत नंतरच्या आयुष्याच्या गोष्टी येऊ लागल्या.

एक पुस्तक, सहा भाग

जपानी टीव्हीवरचं अ‍ॅनिमे ‘कूर’च्या हिशेबाने चालतं. एक कूर म्हणजे तीन महिने, आठवड्याला एक याप्रमाणे १२ किंवा १३ भाग. जाहिराती सोडल्या तर एक भाग साधारण २४ मिनिटांचा. त्यातून सुरुवातीच्या गाण्याचं दीड मिनिट, शेवटच्या गाण्याचं दीड मिनिट आणि पुढच्या भागाची झलक वजा केली की गोष्टीसाठी उरतात २० ते २१ मिनिटं.

पुस्तकाची बाजू पाहू. अशा छोटेखानी कादंबरीच्या एका खंडात साधारण लाखभर जपानी अक्षरं असतात. बातम्या वाचणारा निवेदक मिनिटाला सुमारे ३०० अक्षरं वाचतो. म्हणजे एक खंड नुसता मोठ्याने वाचायचा तर साडेपाच तास लागतील. एका खंडाला सहा भाग दिले तर पडद्यावर मिळतात जेमतेम दोन तास. वर्णनांची पानं चित्रात जातात, बाजाराचं दृश्य तीन सेकंदांत दिसतं, ही बचत खरी. पण या मालेत वर्णन बेताचंच आहे. तिच्यात आहे हिशेब, शंका, समोरच्याच्या बोलण्याचा लावलेला अर्थ आणि मग पुन्हा हिशेब. या गोष्टी चित्रात जात नाहीत.

तरीही सहा भाग म्हणजे चैनच. ‘ओव्हरलॉर्ड’ या गाजलेल्या मालेच्या पहिल्या पर्वात (२०१५) तीन खंड १३ भागांत बसवले होते, म्हणजे खंडाला चार-सव्वाचार भाग. याहून वेगाने पुस्तकं संपवणारी रूपांतरंही पुष्कळ आहेत. ‘स्पाइस अँड वुल्फ’मध्ये २००८ च्या पर्वात दोन खंड आले: पहिले सहा भाग पहिल्या खंडाचे, आठवा ते तेरावा दुसऱ्याचे. मधला सातवा भाग टीव्हीवर दाखवलाच नाही, तो फक्त डीव्हीडीवर आला. २००९ च्या १२ भागांत आणखी दोन खंड. २०२४ च्या २५ भागांत चार खंड. हिशेब करून पाहा, तिन्ही वेळा खंडाला सहाच्या आसपास भाग पडतात. जुनं अ‍ॅनिमे निवांत होतं आणि नवं धावतं, किंवा याच्या उलट, हे म्हणणं म्हणूनच टिकत नाही. वेग सारखाच आहे. फरक जाणवत असेल तर त्याचं कारण दुसरीकडे शोधायला हवं.

याच गणिताची एक कडू बाजूही आहे. १७ खंड गुणिले सहा म्हणजे १०२ भाग. दर आठवड्याला एक भाग, एकही आठवडा न चुकवता, जवळपास दोन वर्षं. लघुकथांचे खंड वगळले तरी ८०-८५ भाग होतातच. कूरच्या हिशेबाने जगणाऱ्या धंद्यात एवढं लांबचं वचन कुणी देत नाही. म्हणजे ज्या वेगाने ही गोष्ट नीट सांगता येते, त्या वेगाने ती पुरी होणं अवघड. ही अडचण दिग्दर्शकाच्या हातात नाही.

चांदीचा डाव पडद्यावर का निसटतो

पहिल्या खंडाचा गाभा म्हणजे त्रेनी नावाच्या चांदीच्या नाण्याचा व्यवहार. अ‍ॅनिमे पाहून ‘मजा आली, पण नेमकं झालं काय ते कळलं नाही’ असं म्हणणारे याच ठिकाणी अडकतात. म्हणून तो सावकाश सोडवू. आकडे सोयीसाठी आपण आपले घेऊ.

राजाची तिजोरी आटली आहे. बाजारात एक हजार नाणी फिरताहेत, प्रत्येकात १० ग्रॅम चांदी. राजाने ती सगळी परत घेतली, वितळवली आणि ८ ग्रॅम चांदीची नाणी पाडली, तर त्याच १० किलो चांदीतून १,२५० नाणी निघतात. वरची २५० नाणी राजाची कमाई. लोकांचा राजावर भरवसा असेतो नवं नाणंही जुन्याच्या किमतीने चालतं. पुढे ते हळूहळू घसरतं, पण तोवर राजाची नड भागलेली असते.

मात्र जुनी नाणी आपल्या पायांनी टांकसाळीत चालत येत नाहीत. ती कुणीतरी गोळा करून द्यावी लागतात. इथे व्यापारी पेढीचा शिरकाव होतो. जिच्याकडे जुन्या नाण्यांचा मोठा साठा, ती पेढी राजाशी घासाघीस करू शकते. आणि राजाकडे रोकड नसते हेच तर मूळ दुखणं, त्यामुळे तो मोबदला देतो तो हक्कांच्या रूपात: अमुक मालावर जकातीची सूट, तमुक व्यापाराची मक्तेदारी. पेढीला हवं असतं तेही हेच, कारण असा हक्क वर्षानुवर्षं पैसा देत राहतो.

आता झेरेन या तरुण व्यापाऱ्याने लॉरेन्सच्या कानात सोडलेली पुडी पाहा. तो सांगतो की नाण्यातली चांदी वाढणार आहे, आत्ताच जमवून ठेव. खरं घडतंय ते उलटं, चांदी कमी होतेय. मग खोटं का सांगायचं? कारण वाढीच्या आशेने छोटे व्यापारी नाणी साठवतात, भाव पडला की घाबरून विकून टाकतात आणि मागे दबा धरून बसलेली पेढी तो साठा आयता उचलते. लॉरेन्स आणि होलो हे ओळखतात आणि ती माहिती घेऊन पाझ्झिओ शहरातल्या मिलोने या दुसऱ्या पेढीकडे जातात. पहिला डाव रचणारी मेडिओ पेढी मग होलोला पळवते आणि तिला धर्मपीठाच्या हवाली करण्याची धमकी देते. शहराखालच्या भुयारांतले पाठलाग येतात ते इथून पुढे.

ज्या महाराष्ट्रात अठराव्या शतकात चांदवडी, अंकुशी असे निरनिराळे रुपये एकाच वेळी चलनात होते, सराफ ते पारखून बट्टा कापून घेत आणि कोणत्या रुपयाला किती बट्टा हा रोजच्या व्यवहारातला सवाल होता, तिथल्या वाचकाला या कथानकात परकं वाटावं असं काही नाही. उलट हासेकुरांच्या पात्रांना पेशवाईतला सराफ लगेच कामावर ठेवेल.

पुस्तकात हा उलगडा लॉरेन्सच्या डोक्यात पायरीपायरीने होतो. वाचक दोन पानं मागे जाऊ शकतो, पेन्सिल घेऊन आकडे मांडू शकतो. पडद्यावर तेच सगळं संवादात घालावं लागतं, कारण डोक्यातला विचार ऐकवायला अ‍ॅनिमेकडे स्वगताखेरीज फारसं साधन नाही आणि तीन-तीन मिनिटांची स्वगतं कुणी ऐकत नाही. म्हणून पटकथेत दोघांना खानावळीच्या टेबलाशी बसवलं जातं आणि एकजण दुसऱ्याला समजावतो. २००८ आणि २००९ च्या पर्वांची पटकथा नारुहिसा आराकावा यांनी बांधली होती आणि ही समजावणी त्यांनी चातुर्याने केली आहे. ती नुसता धडा न राहता दोघांची थट्टा, चढाओढ, एकमेकांना जोखणं होऊन जाते. याची किंमत अशी, की नजर त्यांच्या चेहऱ्यांवर राहते आणि गणित हातातून सुटतं. शिवाय मूळ प्रसारणात भाग आठवड्याने येत. झेरेन काय म्हणाला होता, ते पुढच्या आठवड्यापर्यंत कुणाच्या लक्षात राहणार?

पाहताना एवढं धरून ठेवलं तर गोंधळ होत नाही: नाणी शेवटी कुणाकडे जमताहेत, नाणी बदलल्याने कुणाचं भागतंय, आणि राजा पैशाऐवजी काय देतोय. बाकी नावं विसरली तरी चालेल.

याच व्यवहारात अ‍ॅनिमे पुस्तकावर एकदा स्पष्ट मातही करतं. होलो नाण्यांतली चांदी ओळखते ती कानांनी. वेगवेगळ्या काळात पाडलेली नाणी ती हातात खुळखुळवते आणि आवाजातल्या बारीक फरकावरून कुठलं नाणं हिणकस ते सांगते. पुस्तकात हे वाचून मान्य करावं लागतं. पडद्यावर खणखणाट प्रत्यक्ष ऐकू येतो, वर तिचे कान हलताना दिसतात. तेवढ्या एका प्रसंगासाठी हेडफोन लावून पाहावं.

कुणाच्या डोक्यातून पाहतोय?

मोठा फरक मात्र इथे नाही. तो कुणाच्या नजरेतून गोष्ट चालते यात आहे, आणि चाहत्यांना नेमकं शब्दांत पकडता न येणारं जे काही खटकतं ते बहुतेक हेच.

मूळ कादंबऱ्या तृतीयपुरुषी असल्या तरी लेखणी लॉरेन्सच्या खांद्याला चिकटलेली आहे. त्याला जे दिसतं तेच आपल्याला दिसतं, त्याला जे समजत नाही ते आपल्यालाही नाही. होलोच्या मनात लेखक शिरत नाही. ती हसली तर का हसली, याचा अंदाज लॉरेन्स बांधतो, आणि तो पुष्कळदा चुकतो. सातव्या खंडात लेखकाने एक कथा होलोच्या बाजूने सांगितली, तेव्हा वाचकांना ती मेजवानी वाटली याचं कारण तोवरचा उपास.

कॅमेऱ्याला हे जमत नाही. कॅमेरा बाहेर उभा असतो. लॉरेन्सने पाठ फिरवली तरी होलोचा चेहरा चौकटीत असतो, शेपूट हलते, कान पडतात. तो एकटा गोंधळलेला आणि आपल्याला मात्र सगळं ठाऊक, अशी स्थिती पुनःपुन्हा येते. त्याने प्रेमकथा गोड होते आणि रहस्य पातळ. कोशिमिझु यांचा आवाज या गोडव्यात भर घालतो. होलोची बोली जपानच्या जुन्या नाचगाण्याच्या वस्तीतल्या स्त्रियांच्या भाषेवर बेतली आहे. ती कागदावर नखरेल वाटते, पण कानावर पडली की त्यात वय, थकवा आणि एकटेपण एकदम येतं. ही कमाई अ‍ॅनिमेची, आणि ती लहान नाही.

तिसऱ्या खंडातलं कुमेरसुन शहर हे याचं सर्वांत चांगलं उदाहरण. तिथे अमाती नावाचा तरुण मासळीचा व्यापारी होलोवर भाळतो आणि तिचं लॉरेन्सकडचं कर्ज फेडून तिला मागणी घालण्याची पैज लावतो. त्याला पैसा मिळतोय तो पायराइटच्या सट्ट्यात. सोन्यासारखा चमकणारा हा खनिजाचा खडा भविष्य सांगणाऱ्यांमुळे चढ्या भावाने विकला जातोय. लॉरेन्स जे करतो त्याला आपल्याकडे मंदीचा वायदा म्हणतील. हातात माल नसताना तो आजच्या भावाने अमातीला खडे विकतो, पैसे आत्ता घेतो, माल द्यायचा संध्याकाळी. भाव पडला तर स्वस्तात घेऊन देईल आणि वरची रक्कम त्याची. भाव चढत राहिला तर तो बुडाला.

या दिवसभराच्या धावपळीत लॉरेन्सला ठाऊक नाही की होलो नेमकी कुणाच्या बाजूने आहे. पुस्तकातली सगळी घुसमट त्या एका न कळण्यात आहे. बाजारातला प्रत्येक अनपेक्षित सौदा पाहून तो विचारतो, हा तिने घातला की तिच्याविरुद्ध कुणी घातला? पडद्यावर अमातीशेजारी उभी होलो दिसते. चित्रकाराने तिचा चेहरा कोरा ठेवायचा कितीही प्रयत्न केला, तरी जो चेहरा दिसतो तो काहीतरी सांगतोच. भावाचा फळा, आरोळ्या, गर्दी हे अ‍ॅनिमेत रंगलं आहे. घुसमट निम्मी झाली आहे.

उलट दुसऱ्या खंडात पारडं अ‍ॅनिमेकडे झुकतं. लॉरेन्स उधारीवर दुप्पट चिलखतं उचलतो, उत्तरेची मोहीम रद्द होते, रुविनहाइगेन शहरात चिलखतांना कुणी विचारत नाही आणि तो कर्जात बुडतो. ओळखीच्या व्यापाऱ्यांकडे पैसे मागत फिरताना सोबत बाई पाहून लोक त्याला दारातूनच फिरवतात, आणि तो होलोचा हात झटकतो. पुस्तकात ही लाज बराच वेळ उकळते. पडद्यावर एक झटका, एक थांबलेला क्षण, आणि संपलं. इथे डोक्यात शिरायची गरजच पडत नाही, कारण जे घडतं ते हाताने घडतं. थोडक्यात, पाहायला बसण्याआधी एखाद्या खंडाचा भार हिशेबावर आहे की कृतीवर, हे विचारावं. पडद्यावर तो कितपत उतरेल याचा अंदाज आधीच येतो.

क्लोई नावाची खटकणारी मुलगी

आता इमानाची तक्रार. २००८ च्या पर्वात पहिल्याच भागात पास्लो गावात क्लोई भेटते. ती लॉरेन्सकडून धंदा शिकलेली, त्याच्यावर मन असलेली तरुणी. शेवटी तीच मेडिओच्या माणसांबरोबर भुयारात समोर उभी राहते. पुस्तकात ही मुलगी नाही. तिच्या जागी यारेई आहे, गावचा शेतकरी, लॉरेन्सचा जुना ओळखीचा.

एका पात्राच्या जागी दुसरं आणणं एरवी क्षम्य असतं. इथे ते महाग पडलं, कारण यारेई जे बोलतो ते पहिल्या खंडाचं मर्म आहे. एरेनडॉट नावाच्या सरदाराने मुलखात शेतीच्या नव्या पद्धती आणल्या. पीक कशाने येतं ते आता गावाला ठाऊक झालं आहे. मध्येच जमिनीला विश्रांती म्हणून पीक बुडवणारी लहरी देवता त्यांना अडगळ वाटते. यारेई होलोला पकडून द्यायला तयार होतो तेव्हा तो दुष्ट नसतो, तो गावचा कारभार पुढे नेणारा माणूस असतो. शतकानुशतकं ज्यांच्यासाठी राबलो त्यांनीच हिशेब बंद केला, हे होलोचं दुःख त्यातून उभं राहतं, आणि ती लॉरेन्सला एवढी का धरून राहते तेही.

क्लोईच्या तोंडी हीच भूमिका काही प्रमाणात दिली आहे, पण तिच्या मनात लॉरेन्स आहे हे आपण पाहिलेलं असतं. त्यामुळे गाव विरुद्ध देवता हा झगडा दोन मुली आणि एक पुरुष या वळणावर घसरतो. असं का केलं असावं ते समजणं अवघड नाही. सहा भागांच्या कथेत शेवटचा विरोधक प्रेक्षकाच्या ओळखीचा हवा, पहिल्या भागात त्याचा चेहरा लक्षात राहायला हवा, आणि मत्सर दाखवायला एक नजर पुरते तर नांगरटीच्या पद्धतींवर बोलायला पाच मिनिटं लागतात. पटकथाकाराची अडचण खरी होती. तोडगा चुकला.

२०२४ च्या अ‍ॅनिमेत यारेई परत आला आहे. जुन्या वाचकांना त्या एका गोष्टीने जेवढं समाधान मिळालं, तेवढं नव्या चित्रांनीही दिलं नसेल.

चौथा खंड कुठे गेला?

अ‍ॅनिमे बहुधा ‘निर्मिती समिती’ काढते. पुस्तकाचा प्रकाशक, डिस्क विकणारी कंपनी, संगीत कंपनी, कधी वाहिनी किंवा खेळणी बनवणारे असे अनेकजण पैसे घालतात आणि नफा-तोटा वाटून घेतात. चित्रं काढणारा स्टुडिओ बहुतेकदा ठरलेल्या मजुरीवर काम करतो. प्रकाशकाच्या दृष्टीने अ‍ॅनिमे ही पुस्तकांची जाहिरातही असते. प्रेक्षकाने अर्ध्यावर तहान लागून पुस्तकाकडे वळावं, यात त्याचं नुकसान काहीच नाही. त्या काळी रात्री उशिराच्या अ‍ॅनिमेचा मोठा आधार डिस्कची विक्री हा होता, आणि फक्त डीव्हीडीवर दिलेला सातवा भाग त्याच अर्थकारणाचा. पहिलं पर्व इमॅजिन या स्टुडिओने केलं, दुसरं ब्रेन्स बेसने. अशी अदलाबदल या पद्धतीत नवलाची नाही.

२००९ च्या पर्वात १२ भाग, म्हणजे दोन खंडांची जागा. तिसरा खंड घेतला, चौथा वगळला, पाचवा घेतला. चौथा खंड तेरेओ नावाच्या खेड्यातला: लहान जागा, मोजकी माणसं, राईच्या धान्यात विष आढळल्याचा आळ. पाचवा लेनोस शहरातला. तिथे ईव्ह ही खानदानी घराण्यातून उतरलेली व्यापारीण केसाळ कातड्यांचा मोठा सौदा पुढे करते, आणि भांडवलासाठी होलोला सरदारकन्या म्हणून चक्क गहाण ठेवायचा बेत ठरतो. त्याच खंडात होलो म्हणते की आनंदात आहोत तोवरच प्रवास थांबवू. पर्वाचा शेवट करायला याहून जोरकस जागा मिळणार नव्हती. पर्वाचा तोल म्हणून पाहिलं तर निवड बरोबर ठरते.

नुकसान पुढे कळतं. कुमेरसुनमध्ये योइत्सु नष्ट झाल्याची आणि ‘चंद्राची शिकार करणाऱ्या अस्वला’ची दंतकथा कानावर येते. त्या धाग्याचं पुढचं टोक तेरेओच्या चर्चमधल्या जुन्या पुस्तकांत आहे. शिवाय त्या चर्चमधली तरुणी एल्सा पुढच्या खंडांत पुन्हा येते. २००९ चं पर्व पाहून थेट सहावा खंड उचलणाऱ्याला म्हणूनच मध्ये एक दार बंद असल्यासारखं वाटतं. त्यानंतर पंधरा वर्षं पडद्यावर गोष्ट पुढे सरकलीच नाही, आणि कादंबरी दरम्यान संपूनही गेली.

नवं अ‍ॅनिमे: बरोबर, आणि तरीही

पॅसिओने स्टुडिओचं नवं अ‍ॅनिमे एप्रिल ते सप्टेंबर २०२४ या काळात सलग दोन कूर चाललं. तेरेओ आहे, एल्सा आहे, क्रम पुस्तकाचा आहे. व्यवहारांची उकलही बहुतेक ठिकाणी जुन्यापेक्षा नीट आहे. केव्हिन पेंकिन यांचं संगीत भरदार आहे. मग जुने चाहते कुरकुर का करतात?

थोडी कुरकुर आठवणींची, ती सोडून देऊ. उरलेलीत तथ्य आहे. २००८ च्या अ‍ॅनिमेत रंग मातकट होते, खोल्या अंधाऱ्या, आणि युजी योशिनो यांच्या संगीतात जत्रेतल्या वाद्यांचा खडबडीतपणा होता. चित्रांत चुका दिसत, गर्दी पुष्कळदा स्थिर असे. पण थंडी, चिखल, शिळा पाव असल्याचं जाणवे. नव्यात सगळं स्वच्छ आणि उजळ आहे, त्यामुळे चार नाण्यांसाठी घासाघीस करणारा माणूस गरजू कमी आणि हौशी जास्त वाटतो. दुसरं म्हणजे, पुस्तकाचा क्रम तंतोतंत पाळताना काही भागांत दृश्याची बांधणी ढिली पडते. संवाद मुक्कामाला पोचतो आणि भाग तिथेच थांबतो. आराकावांनी घेतलेली मोकळीक क्लोईच्या बाबतीत घातक ठरली, पण खानावळीच्या टेबलावर तीच मोकळीक कामी आली होती.

आमचं मत असं की पुस्तक समजून घ्यायला नवं अ‍ॅनिमे चांगलं आणि निव्वळ अ‍ॅनिमे म्हणून जुनं सरस. दोन्हींतून एक निवडायची सक्ती कुणी केलेली नाही.

कुठून सुरुवात करावी

काहीच पाहिलं-वाचलं नसेल तर २०२४ चे २५ भाग पाहावेत आणि पुस्तक पाचव्या खंडापासून हातात घ्यावं. पुस्तकं इंग्रजीत येन प्रेसने २००९ च्या शेवटापासून काढली आहेत. सबटायटल्सवर पाहणाऱ्याने व्यवहाराचे भाग, म्हणजे तिसरा ते पाचवा आणि कुमेरसुनचे, एका बैठकीत सलग पाहावेत. आठवड्याचं अंतर ठेवून पाहण्यात काही पुण्य नाही.

जुनं पाहायचं असेल तर २००८ चं पर्व आधी. यादीत १३ ऐवजी १२ भाग दिसले तर डीव्हीडीवरचा सातवा वगळला आहे असं समजावं, कथेचं काही अडत नाही. २००९ च्या पर्वाचा सहावा भाग संपला की थांबावं, चौथा खंड वाचावा आणि मग सातव्या भागाला लागावं. त्या पर्वाला जोडून ‘शून्यावा’ भागही डिस्कवर आला होता. तो सातव्या खंडातल्या होलोच्या बाजूने सांगितलेल्या कथेवर आहे, आणि कॅमेरा होलोकडे सोपवला तर काय होतं हे पाहायला तरी तो शोधून काढावा. १२ भाग झाल्यावर पुस्तकात सहावा खंड. तो नदीतल्या होडीवर सुरू होतो, ईव्हच्या मागावर, आणि कोल नावाचा मुलगा तिथेच भेटतो.

नव्या अ‍ॅनिमेचंही पुढचं पर्व जाहीर झालं आहे. क्रम पाळला तर तिथे पहिली गाठ लेनोसशी आणि ईव्हशीच आहे. ईव्ह जेवढं बोलते त्याहून जास्त लपवते, आणि पाचव्या खंडातली निम्मी रंगत लॉरेन्सला तिचा अंदाज न येण्यात आहे. तिचा चेहरा किती दाखवायचा, यावर त्या पर्वाचं बरंचसं ठरेल.